जिना चढून उजवीकडे, शेवटची खोली

दि. ४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

दादाचं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं ते. पहिल्या ओळीत तब्येत ठीक, दुसऱ्या ओळीत रुग्णालयातला टेलिफोनचा बोर्ड काढून टाकला, तिसऱ्या ओळीत तुझी वहिनी हल्ली घरीच असते. वजनकाटे दुरुस्त करून करून हा माणूस शब्दसुद्धा तोलून-मापून द्यायला लागलाय. बावीस वर्षं तू त्या बोर्डासमोर बसलीस, आणि तो जाऊन तीन महिने झाल्यावर मला कळतं, तेही तिसऱ्या ओळीत! मला राग आलाय हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

फोन असता तर आत्ताच केला असता. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात काही फोन येऊ दिला नाही. एका जन्माला एक टेलिफोन पुरे, असं तू म्हणायचीस. भोग आता पत्रं.

मी बँक सोडून या मार्गदर्शन केंद्रात आले तेव्हा दादाने मला वेड्यात काढलं होतं. लोकांना नोकरीची वाट दाखवायची म्हणजे चौकात उभं राहून पत्ता सांगायचा, त्याला पगार कोण देणार, असं म्हणाला होता. तर सांग त्याला, पगार मिळतो. तीन महिन्यांच्या परीक्षेवर का होईना, पण मिळतो. आणि वहिनी, काय मजा येते म्हणून सांगू! माणूस येतो तो मला काही येत नाही म्हणून येतो. तासाभराने त्याच्याच तोंडून अशा गोष्टी निघतात की मी खुर्चीच्या कडेला येऊन बसते.

आमच्या मोठ्या बाईंचा नियम आहे की घरच्यांना सल्ला द्यायचा नाही. घरचे ऐकत नाहीत आणि वर रुसतात. म्हणून मी सल्ला देत नाही, अभ्यास देते. बोर्डावर बसून तू जी कामं केलीस, पण जी तुला कुणी सांगितलेली नव्हती, अशी दहा लिहून पाठव. नऊ चालणार नाहीत. माझ्या वेण्या घालताना तू शंभरपर्यंत उजळणी म्हणून घ्यायचीस, तेव्हा मी कधी नव्व्याण्णववर थांबले का?

दादाला नमस्कार सांग, आणि पत्राला किमान दहा ओळी असतात हेही सांग. तुझा लोभ आहेच, तो या अभ्यासामुळे कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि घरात कुणीतरी पंखा लावल्यासारखं वाटलं. तू अजून तशीच आहेस हो, गरगर फिरणारी. लग्न होऊन आले तेव्हा तू पाचवीत होतीस. त्या वेळी तुझं नाव मी ठेवलं ते काही उगाच नाही.

लपवलं म्हणून रागावू नकोस. लाज वाटली, दुसरं काय. बोर्ड काढला त्या दिवशी दोन माणसं आली, तारा कापल्या, आणि चार वाजेपर्यंत भिंतीवर नुसती भोकं राहिली. आता ज्याचा त्याने नंबर फिरवायचा, मध्ये कुणी नको. मला चहा पाजला, फुलं दिली. मग घरी. तुझ्या दादाच्या पगारात आमचं दोघांचं छान भागतं, पोटाचा प्रश्न नाही. पण दुपारी दोन वाजता घर इतकं गप्प असतं ना भिंगरे, की नळ टपटपला तरी मी हातातलं काम टाकून उठते. मला काम हवंय. कुणीतरी घाईने माझ्याकडे यावं आणि त्याचं काम माझ्यामुळे व्हावं, एवढंच हवंय.

तीन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आले हेही तुझ्या दादाने लिहिलं नसेल. पहिल्या ठिकाणी माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाही. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी नाव विचारलं तर मी घाबरून जरा थांबा, जोडून देते असं म्हणाले. हसू नकोस. तिसऱ्या ठिकाणी मी दारातूनच परत आले. फोनवर मला कुणाची भीती वाटत नाही, मंत्री असो की मवाली. पण समोर तोंडं दिसली, तीही तीन-तीन, की माझा घसा दाराला कडी लावल्यासारखा बंद होतो. बावीस वर्षं भिंतीकडे तोंड करून बसले, त्याचं हे फळ.

बरं, तुझा अभ्यास. तीनशे दहा नंबर मला पाठ होते. कुठला डॉक्टर कुठल्या वेळी कुठल्या खोलीत सापडेल हेही पाठ. फोन करणाऱ्याच्या श्वासावरून कळायचं की याला आधी जोडायचा की आधी शांत करायचा. मुलांची खोली विचारणाऱ्या आईबापांना मी कधी लाइनवर एकटं ठेवलं नाही, पलीकडून उचलेपर्यंत बोलत राहायची. आमच्याकडे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणायचे, कारण तिथले नंबर एकने सुरू व्हायचे. त्यामुळे नवीन डॉक्टर नेहमी एक जिना जास्त चढायचे आणि मी त्यांना फोनवरून खाली उतरवायची. एका बाईला गाडी मिळेपर्यंत तिच्या सासऱ्याला कसं आडवं करायचं ते शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांना विचारून-विचारून सांगितलं, सासरे वाचले. नवीन मुलींना आवाज खाली ठेवायला शिकवलं. शिव्या देणाऱ्याला शिव्या संपेपर्यंत थांबायची आणि मग विचारायची, कुठल्या खोलीत जोडू? वीज गेली तेव्हा निरोप हाताने लिहून वाटले. दहावं आठवत नाही. नऊच घे.

तुझा दादा म्हणतो दहा ओळींचं पत्र लिहायला त्याला पगारी रजा लागेल. प्रकृतीस जप, आणि आमच्यावरची माया अशीच फिरती ठेव.

तुझी,
वहिनी

दि. १४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

नऊ मिळाली. दहावं मी लिहिलं: नणंदेला माणसात आणलं.

तुझं पत्र मी केंद्रात नेलं आणि नाव झाकून मोठ्या बाईंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं की ही बाई कुठे आहे आणि आपण इथे काय करतोय. मी आनंदाने उडीच मारायची बाकी होती. तुला काय वाटतं, तुला फोन उचलता येतो. अगं, फोन त्यात नुसता डबा आहे! आत काय काय भरलंय बघ. घाबरलेल्या माणसाला तू एका मिनिटात बोलतं करतेस, काय आधी आणि काय नंतर हे तुला कळतं, तू शिकवतेस, शिव्या गिळतेस. प्रवाशांच्या चौकशीची खिडकी, शाळेचं कार्यालय, नवीन ऑपरेटर तयार करायचं काम, एवढे रस्ते तर मला बसल्या बसल्या दिसतात. रस्ते पुष्कळ आहेत. प्रत्येकाच्या तोंडाशी मात्र तीन माणसं टेबल मांडून बसलीत, आणि आपल्याला अडवणारं तेवढंच आहे.

तेव्हा सरावाची मुलाखत. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तुमच्या गावातल्या केंद्रात आहे. ती आणि तिचे दोन सहकारी तुझी मुलाखत घेतील. बुधवारी, २४ तारखेला, सकाळी अकरा वाजता. कचेऱ्यांची मोठी इमारत आहे ना, घड्याळाची, तिथे. दुसरा मजला, जिना चढून उजवीकडे, शेवटची खोली. सगळे दाखले बरोबर ने. कुठल्या जागेसाठी मुलाखत आहे हे मुद्दाम सांगत नाही, ते तुला तिथेच कळेल. आणि एक अट. ती माणसं अगदी खऱ्यासारखी वागतील, तूही तसंच वागायचं. खोलीत असेपर्यंत हे नाटक आहे असं तोंडाने म्हणायचं नाही, तोंड वाकडं करून सुचवायचंही नाही.

खोटीच मुलाखत आहे, वहिनी. चुकलीस तरी कुणाचं काही जात नाही. मनसोक्त चूक. मग मला सगळं लिही, स्वल्पविरामासकट. पत्राची वाट बघण्याइतका माझा जीव तुझ्यात आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
भिंगरी

दि. २४ फेब्रुवारी, दुपार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि वर एक शाबासकी.

अगं, काय तयारी केलीस! मी आत्ता घरी आले, पातळसुद्धा बदललं नाही, आधी लिहायला बसले. माझे पाय जमिनीवर नाहीत.

पावणेअकराला पोचले. जिना चढून उजवीकडे, शेवटची खोली. बघते तर दारावर छापील कागद: अग्निशमन दल, नियंत्रण कक्ष, थेट मुलाखती. मनात म्हटलं, घे, आमच्या नणंदबाईंनी आम्हाला बंबवालं केलं. बाकावर दहा-बारा उमेदवार बसवलेले, हातात फायली घेऊन. एवढी माणसं कुठून गोळा केलीस? त्यातली निळ्या ओढणीची एक मुलगी तर खरंच रडत होती. इतकं हुबेहूब की मला राहवलं नाही. तिच्या कानाशी जाऊन सांगितलं की बाळ, कशाला रडतेस, हे सगळं लुटुपुटूचं आहे, आत जाऊन मजा कर. ती माझ्याकडे बघतच राहिली. तोंडाने म्हणायचं नाही ही अट खोलीतली होती, ही तर बाहेरची गोष्ट.

दारातल्या कारकुनाच्या अंगात तर कारकून संचारला होता. माझ्याकडून अर्ज भरून घेतला, दाखले उलटसुलट करून पाहिले. वय सत्तेचाळीस म्हटल्यावर म्हणाला की अनुभवी उमेदवारांना सूट आहे. केवढा बारीक विचार केलाय तुम्ही लोकांनी!

आत तिघं. मध्ये करड्या केसांच्या बाई, चेहरा इस्त्री केल्यासारखा. एकीकडे टक्कल पडलेले साहेब, दुसरीकडे गणवेशातला एक तरुण अधिकारी. गणवेश भाड्याने आणलात ना? खांद्याला जरा सैल होता. आणि भिंगरे, माझा घसा उघडा. सताड उघडा. मी त्या तिघांच्या डोळ्यांत बघून बोलले. बाईंनी विचारलं की एकाच वेळी दोन फोन आले, एक माणूस आग आग म्हणून ओरडतोय आणि दुसरीकडून आवाजच येत नाहीये, तर आधी कुणाकडे वळाल. मी म्हटलं, ओरडणाऱ्याकडून पत्ता घ्यायला सहा सेकंद लागतात, तो घ्यायचा आणि लगेच गप्प असलेल्याकडे जायचं, कारण ओरडणाऱ्याकडे अजून श्वास आहे. टक्कलवाले साहेब लिहायचे थांबले. मग त्यांनी आरडाओरडा करणाऱ्या माणसाची नक्कल केली. मी त्यांना सांगितलं की साहेब, खरा घाबरलेला माणूस एवढी पूर्ण वाक्यं बोलत नाही. गणवेशवाल्याला हसू आवरेना. त्यालाही सांगितलं की फोनवर हसू ऐकू येतं बरं का.

शेवटी काही विचारायचंय का म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या टेबलावरचा फोन डाव्या हाताला आहे, लिहिणाऱ्याने तो उजव्या हाताने ओढून घ्यायचा का? तिघांनी फोनकडे पाहिलं. निघताना तुझी अट पाळली, एक शब्द बोलले नाही. फक्त मधल्या बाईंना डोळा मारला. एवढं तर चालतं ना?

तुझ्या मैत्रिणीला माझे धन्यवाद कळव. मधल्या बाईच ती असावी, पण तुझ्याबरोबर शिकली म्हणजे केस फार लवकर पिकले बिचारीचे. तुझा दादा आला की त्याला सगळं परत सांगणार आहे. तू अशीच आमची राहा.

तुझी,
वहिनी

दि. २४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मैत्रिणीचा आत्ताच केंद्रात फोन आला होता. ती तिघं साडेबारापर्यंत वाट बघत होती, तू आली नाहीस म्हणाली. वहिनी, काही काही वाटून घेऊ नकोस. दारातून परत गेलीस का? की घरातून निघालीच नाहीस? चूक माझी आहे. मी भोवऱ्यासारखी फिरते आणि माझ्या दोरीत दुसऱ्यांनाही गुंडाळते. मोठ्या बाई म्हणतात तेच खरं, घरच्यांच्या वाटेला जाऊ नये.

तू लिहिशील तेव्हा लिही. आपण दुसरा रस्ता काढू. माझ्यावर रुसू नकोस एवढंच मागते.

तुझी,
भिंगरी

दि. २८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं २४ तारखेचं पत्र वाचून आधी चक्रावले, मग खो खो हसले. कळलं गं बाई, कळलं. हाही अभ्यासच ना? उमेदवार जाऊन आला तरी आलाच नाही म्हणायचं आणि तो चिडतो का ते बघायचं. मी चिडले नाही. मला किती गुण?

आणि काल तुमच्या लोकांचं पत्रही आलं. गोल शिक्का, आवक-जावक क्रमांक, सगळं. निवड झालेल्या चार उमेदवारांत माझं नाव आहे, १२ मार्चला सकाळी दहा वाजता प्रात्यक्षिकाला यायचं, आणि होकार ५ मार्चपर्यंत पोचला नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. तुझा दादा शिक्क्याकडे भिंग लावून बघत होता. म्हणाला, खोटा शिक्का इतका चांगला करणं गुन्हा असतो, भिंगरीला सांग. पत्र मी रेडिओखाली ठेवलंय. खोट्या पत्राला होकारही पाठवायचा असतो का, ते कळव. घाई नाही.

बाकी खुशाल. हल्ली मी गुणगुणते असं तुझ्या दादाचं म्हणणं आहे. या सरावाचा शोध लावणाऱ्या आमच्या नणंदेवर देवाची कृपा असो.

तुझी,
वहिनी

दि. २८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. उभा असशील तर बस.

वहिनीची मुलाखत खरी होती.

तिचं पत्र हातात आहे. मी लिहिलं दुसरा मजला. रुग्णालयात तळमजल्याला पहिला म्हणतात, म्हणून ती एकच जिना चढली. माझी मैत्रीण एक मजला वर वाट बघत बसली आणि वहिनी खाली अग्निशमन दलाच्या खऱ्याखुऱ्या मुलाखतीत जाऊन बसली, दाखल्यांसकट. मैत्रिणीला मी परत फोन करून विचारलं, त्या दिवशी पहिल्या मजल्यावर खरंच भरती होती. नियंत्रण कक्षात फोन घ्यायचं काम, दादा! वहिनीसाठी कुणी मापं घेऊन शिवावं तसं! माझ्या डोक्यात ही जागा आलीच नव्हती. मार्गदर्शक मी, आणि रस्ता सापडला तिच्या पायांना.

आता नीट ऐक. तिकडून पत्र येईल किंवा आलंही असेल. ती ते खेळ समजून कुठेतरी ठेवून देईल. ते शोध आणि होकार वेळेत पोचव. हे पहिलं.

दुसरं अवघड आहे. ती बोलू शकली ती खोटं समजून. खरं कळलं तर पुढच्या फेरीत तिचा घसा परत बंद होईल का? आणि कळू दिलं नाही तर आपण तिला फसवतोय, ते मला जमायचं नाही. म्हणून सोबत वहिनीच्या नावाची चिठ्ठी ठेवलीय. खरं काय ते चार ओळींत लिहिलंय आणि तिची माफी मागितलीय. तू रोज तिला बघतोस, कधी द्यायची ते तू ठरव. पण तिने परीक्षेला जाण्याआधी दे. नक्की दे.

तुझ्यावर सोपवलंय. धाकटीवरचा जीव असाच ठेव.

भिंगरी

दि. ३ मार्च

चि. भिंगरी,
अ. आ.

पत्र मिळालं. बसलो.

निवडीचं पत्र रेडिओखाली होतं. तिला म्हटलं, खेळ तर खेळ, पुरता खेळू, होकारावर सही कर. तिने हसत सही केली. मी स्वतः जाऊन कचेरीत दिला, पोच घेतली. घाईत पायात स्वयंपाकघरातल्या सपाता राहिल्या. लोकांनी पाहिलं. असो.

चिठ्ठी दिली नाही. काळ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. तीनदा हात घातला. ती तीन महिने घरात सावलीसारखी वावरत होती. ताट वाढायची, उचलायची. आता गाते. बेसूर गाते, पण गाते. ते बंद करणारा हात माझा असावा असं वाटत नाही. तराजूच्या एका पारड्यात खरं ठेवलं आणि दुसऱ्यात तिचं गाणं. आयुष्यात पहिल्यांदा मला काटा वाचता येत नाहीये.

देईन. दहा ओळी झाल्या, मोजून बघ.

तुझा,
दादा

दि. ८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चार ओळीच लिहिते, कामं पडलीत. तुमच्या लोकांना होकार पोचवला. तुझा दादा माझ्या सपाता घालून धावत गेला, शेजाऱ्यांना आठवडाभर पुरेल एवढं दर्शन झालं. परवा त्याचा काळा कोट धुतला, आज इस्त्री केली. प्रात्यक्षिकाला जाताना माझ्याबरोबर येणार म्हणतो. सरावाला कोट कशाला, असं विचारलं तर पंख्याकडे बघत बसला.

तुझं पत्र नाही बऱ्याच दिवसांत. इतकी बोलकी मुलगी गप्प बसली की मला काळजी वाटते. पण लिहू नकोस आत्ता काही. तेरा तारखेला मीच लिहीन. तोवर जेव-खा, नखं कुरतडू नकोस.

तुझी,
वहिनी

दि. १३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. कान पकडून.

नोकरी मिळाली. हे आधी लिहिलं, नाहीतर तू पानं उलटून शेवट बघशील. मिळाली. मिळाली गं! आता नीट बसून क्रमाने वाच.

तुझी चिठ्ठी मला सहा तारखेला मिळाली. तुझ्या दादाने दिली नाही. कोट धुवायला काढला तेव्हा सवयीने खिसे तपासले. वरती माझं नाव, अक्षर तुझं. न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून वाचली आणि बादली भरून वाहायला लागली तरी मला नळ बंद करायचं सुचेना. त्या तीन चेहऱ्यांसमोर मी काय काय बोलले होते ते एकेक आठवलं. टक्कलवाल्या साहेबांना अभिनय शिकवला. गणवेशाच्या मापाबद्दल मनात का होईना पण बोलले. आणि डोळा! अग्निशमन दलाच्या मोठ्या अधिकारी बाईंना मी डोळा मारला होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

जायचं नाही, हे पहिलं ठरलं. मग भिजलेली चिठ्ठी वाळवली, इस्त्री फिरवून तशीच घडी घातली आणि इस्त्री केलेल्या कोटाच्या त्याच खिशात ठेवली. का ठेवली ते सांगते. तुझा दादा रोज कोटापाशी जायचा, खिशात हात घालायचा आणि परत यायचा. माझ्या गाण्याची त्याला इतकी काळजी, हे मला तेवीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मग म्हटलं, गात राहू. पोळ्या लाटताना मुद्दाम मोठ्याने गायले. आठ तारखेचं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, आणि गाता येतं तर जाताही येईल, असं ठरवूनही झालं होतं.

काल गेले. फाटकावरच्या माणसाला विचारलं की तुमच्याकडे जमिनीवरच्या मजल्याला काय म्हणतात. तो म्हणाला तळमजला. म्हटलं ठीक आहे, आज मोजून चढते. तुझा दादा खाली बाकावर कोट घालून बसला.

वर काचेची खोली. आत टेबल, फोन, समोर गावाचा नकाशा. काचेपलीकडे तीच तिघं आणि आणखी दोघं. पाच तोंडं, सगळी माझ्याकडे. आणि भिंगरे, कडी लागली. घसा बंद. बाईंनी नाव विचारलं तर मी नुसती मान हलवली. नावाला कुणी मान हलवतं का? डोळ्यांपुढे घर दिसलं, दुपारी दोनचं. म्हटलं, गेलं. निळ्या ओढणीवाली मुलगी बाकावरून बघत होती, तिच्यासमोरच गेलं.

तेवढ्यात फोन वाजला.

मी उचलला. उचलताना विचार केला नाही, हातानेच उचलला. पलीकडे एक बाई धापा टाकत होती, स्वयंपाकघरात धूर झालाय, मूल आतल्या खोलीत आहे म्हणत होती. मला माहीत होतं की ही शेजारच्या खोलीत बसवलेली त्यांचीच बाई आहे. परीक्षा आहे, सगळं नाटक आहे. ठाऊक असूनही मी तिला एकटं सोडू शकले नाही. पत्ता घेतला, मुलाला घेऊन बाहेर व्हा, दार ओढून घ्या, परत आत जाऊ नका म्हणाले, आणि बंब निघाल्याचं कळेपर्यंत तिच्याशी बोलत राहिले. मुलाचं नावसुद्धा विचारलं. ते त्यांच्या कागदावर लिहिलेलंच नव्हतं, त्या बाईला आयत्या वेळी सुचवावं लागलं. खऱ्या मुलाखतीला मी खोटी समजले आणि खोट्या फोनला खरा. माझं सगळं उलटंच.

फोन ठेवला तर काचेपलीकडे सगळे उभे होते. त्या दिवशीच्या मधल्या बाई आत आल्या आणि समोर बसल्या. म्हणाल्या, सगळं पटलं, एकच विचारायचंय, त्या दिवशी डोळा का मारलात? आम्ही तिघं दोन आठवडे त्याच्यावर वाद घालतोय.

मी खरं सांगितलं. तुझ्या अभ्यासापासून नऊ कामांपर्यंत, मजल्याच्या घोळापासून चिठ्ठीपर्यंत सगळं. त्या दिवशी मी तुम्हाला खोट्या समजले होते म्हणून घाबरले नाही, असं म्हणाले. बाई इतक्या हसल्या की इस्त्री पार मोडली. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, आणि आज? मी म्हटलं, आज तुम्ही खऱ्या आहात. बघा, हात कापतोय. पण फोन उचलताना कापला नाही.

त्यांनी माझा हात हातात घेतला, खरंच कापत होता. म्हणाल्या, मुलाखतीत हात कापला तर आमचं काही अडत नाही. तिथल्या तिथे सही केली. त्या मुलीलाही घेतलंय. ती म्हणते, लुटुपुटूचं आहे हे कुणीतरी सांगितलं म्हणूनच ती आत जाऊ शकली. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

खाली आले. तुझा दादा उठून उभा राहिला, एक हात खिशात. मला वाचवायला निघालेला तो माणूस चिठ्ठी पुढे करून म्हणाला की आधी द्यायला हवी होती. मी म्हटलं, घडी बघा, इस्त्रीची आहे. घडीकडे बघून त्याला सगळं कळलं आणि मग तो भर रस्त्यात, कोटात, रडला. लिहू नकोस म्हणालाय, म्हणून लिहिते.

आता कान पकडण्याचं कारण. चिठ्ठी दादाकडे का दिलीस? मी कधी घाबरेन आणि कधी नाही, हे तुम्ही दोघांनी परस्पर ठरवायला बसलात. तुझ्याकडे येणाऱ्या माणसांना असं करू नकोस, त्यांचं त्यांना सांग. घसा ज्याचा त्याचा असतो. ही दहावी गोष्ट समज, माझ्याकडून राहिली होती. पण खरं लिहून पाठवलंस, ते माझ्यापर्यंत पोचलं, आणि त्यामुळे मला कळलं की मला खऱ्यासमोरही बसता येतं. हे मला कुठल्याही सरावात कळलं नसतं. तुमच्या केंद्रातल्या मोठ्या बाईंना सांग, घरचे ऐकतात, फक्त पत्ता चुकवून ऐकतात.

एक तारखेपासून दुपारची पाळी आहे, दोन वाजता सुरू होते. आणि भिंगरे, घरी फोन घ्यायचाय, कक्षातल्या माणसांकडे लागतोच म्हणाले. जोडला गेला की पहिला फोन तू कर. मी उचलेन, आणि तुला जरासुद्धा थांबायला सांगणार नाही.

तुझी,
वहिनी